चार नंबरचं फाटक

४ मार्च, सोमवार

आज वेल्डरच्या कानाखाली वाजवली. पूर्वेची गॅलरी पाडायला सकाळीच माणसं आली. हा गडी गॅसची नळकांडी सरळ माझ्या खेळपट्टीवरून गडगडत नेत होता! ओरडलो तर म्हणतो, काका, सगळंच पाडायचंय, गवताचं काय घेऊन बसलात. मग हात आवरला नाही. त्याचा ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं. चौघांनी मिळून मला मागे ओढलं.

सेक्रेटरींनी समज दिली. निवृत्तीला चार महिने राहिलेत, सांभाळून राहा म्हणे. गॅलरी पाडताहेत, मैदान नाही – हे त्या कारट्याला कोण सांगणार? अडतीस वर्षं या गवताला पाणी घालतोय मी. माझ्याआधी बाबा.

घरी आल्यावर ही माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती. मग हळदीची वाटी पुढे सरकवून आत गेली.

६ मार्च, बुधवार

स्टेडियमला पंचाहत्तर वर्षं होताहेत म्हणून कमिटी स्मरणिका काढतेय. ती लिहिणाऱ्या बाई आज शेडमध्ये येऊन रोलरवर बसल्या. वही उघडून म्हणाल्या, सुरुवातीपासून सांगा.

सांगितलं. इथे वीटभट्ट्यांचे खड्डे होते. ते बुजवून मैदान केलं, फक्त क्रिकेटसाठी. बाबा पहिल्या दिवसापासून इथे. बाराव्या वर्षी फुटबॉल आला – सहा महिने आमचे, सहा महिने त्यांचे. एका घरात दोन सुना! त्यांचं मधलं वर्तुळ नेमकं माझ्या खेळपट्टीवर पडतं. सहा महिने खिळ्यांच्या बुटांनी तुडवतात आणि मग आम्हाला म्हणतात, चेंडू नीट का उसळत नाही?

बाई विचारतात, मारामाऱ्या किती झाल्या? म्हटलं, बोटं पुरायची नाहीत. एकदा पंचाने गोल नाकारला म्हणून फुटबॉलवाल्यांनी खेळपट्टी उकरायला घेतली. बाबा फावडं घेऊन आडवे झाले, तीन बरगड्या मोडून घेतल्या. पुढे एका क्रिकेटच्या सामन्यात पंचाला पायऱ्यांवरून फरपटत खाली आणलं, खुर्च्या पेटवल्या. मी तेव्हा नवा होतो. पंचाचा एक बूट दुसऱ्या दिवशी गवतात सापडला, आत रक्त वाळलेलं.

त्यानंतर जाळी आली. दहा फूट उंच, सगळ्या मैदानाभोवती. मध्ये चार फाटकं.

बाई म्हणाल्या, "चार नंबरबद्दल सांगाल?"

रोलरला तेल घालायचंय म्हणून त्यांना उठवलं.

७ मार्च, गुरुवार

झारी सापडेना. दुपारी मजुरांच्या तंबूत मिळाली. म्हणून तर माझ्या प्रत्येक वस्तूवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारतो – कुदळ, बादल्या, कुलपं, सगळ्यावर. तरी नेतात.

९ मार्च, शनिवार

पाणी घातलं. रोलर फिरवला. कुणाशी भांडलो नाही.

११ मार्च, सोमवार

सेक्रेटरींनी स्मरणिकेतलं एक पान दाखवलं. चार नंबरच्या दुर्घटनेचं. खाली माझी सही हवीय – मैदानाचा माणूस म्हणून आणि त्यात मुलगी गेलेला बाप म्हणून. "द्वाररक्षकाने फाटक कुलूपबंद ठेवले व ते वेळेवर उघडले नाही." पुढे माझ्या दादाचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

म्हटलं, एका पायावर सही करतो. छापून आलं की एक प्रत नेऊन त्याच्या दारात ठेवतो. नाव वाचू दे स्वतःचं. शुद्धलेखन तपासून घेतो म्हणून बाईंनी पान परत नेलंय. बाविसला छापायला जाणार.

आता बसलोच आहे तर लिहूनच टाकतो. एकोणीस वर्षांत कधी लिहिलं नाही.

फुटबॉलचा अंतिम सामना होता, रविवार. माझा सख्खा मोठा भाऊ चार नंबरला द्वाररक्षक. त्याच्या पासावर तो माझ्या चिमणीला घेऊन गेला. तेरा वर्षांची होती. बापाचं सगळं आयुष्य क्रिकेटच्या मातीत आणि पोरगी फुटबॉलवेडी! काकाची लाडकी. मी नको म्हणत होतो.

सामना संपायला वीस मिनिटं होती. वरच्या पायऱ्यांवर बाटल्या फेकाफेकी झाली. पोलिसांनी वरून लाठ्या घालायला सुरुवात केली, तशी सगळी गर्दी खाली जाळीवर आली. मी पलीकडच्या टोकाला होतो. जाळी पोटासारखी फुगलेली दिसली. धावलो. चेहरे तारांत रुतले होते. एका माणसाचे डोळे उघडे होते आणि तो मेला होता, पडायला जागा नव्हती म्हणून उभा होता. फाटकापासून वीसेक पावलांवर चिमणीचा हात जाळीतून बाहेर आलेला दिसला. बांगडीवरून ओळखला. तो धरला. तिने माझी बोटं दाबली. दोनदा. मग दाबली नाहीत.

तिकडे फाटकाशी दादा मला हाका मारत होता. जीव तोडून, गळा फाटेपर्यंत. मी गेलो नाही. तिचा हात सोडून कसा जाऊ? मर तिकडेच, म्हटलं.

एकतीस माणसं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला होता. सलाईनचा लोखंडी दांडा उचलला आणि त्याच्या उजव्या हातावर घातला. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला. त्याने दुसरा हात आडवासुद्धा घातला नाही. त्या हाताची तीन नखं आधीच उपटलेली होती, तेवढं पाहिल्याचं आठवतंय.

चौकशीत म्हणाला, "जुडग्यातली एकही किल्ली लागेना." खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं माणसाने! नियम साधा आहे – सामना सुरू असताना फाटकाला नुसती कडी, कुलूप काढून ठेवायचं. काढलं होतं म्हणाला. काढलं होतं तर किल्ल्या कशाला लावत बसलास? चौकशीवाल्यांनी हेच विचारलं, तर पुन्हा तेच वाक्य म्हणाला. दोन वर्षं आत गेला.

आणि आमचं ऑफिस! लोक फाटकाशी फुलं ठेवायला लागले, तर पंधरा दिवसांत फाटकाला दोन्ही अंगांनी विटा लावून लिंपून टाकलं. चौकशीवाले आले तेव्हा तिथे भिंत होती. नुकसानीची यादी मीच केली होती – चारशे खुर्च्या, दोन्ही गोल, शंभर हात जाळी आणि माझ्या रोलरच्या साखळीचं कुलूप. माणसं मरत होती आणि कुणीतरी कुलूप उचलून नेत होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात!

१४ मार्च, गुरुवार

दादा मैदानावर आला होता. एकोणीस वर्षांनी. ढिगाऱ्याशी उभा. केस सगळे पांढरे झालेत, उजवा हात पोटाशी धरलेला. मी सरळ अंगावर गेलो. तो म्हणाला, "चार नंबर पाडतील तेव्हा तू तिथे थांबू नकोस. रजा घे त्या दिवशी."

मला रजा घ्यायला सांगतो! कॉलर धरून ढकलला. विटांवर पडला, कपाळ फुटलं. पडलेल्या माणसाला लाथ मारली मी. वेल्डर मध्ये पडला नसता तर आणखी मारली असती.

रात्रीपर्यंत बातमी घरी पोचलीच. ही सहसा बोलत नाही. आज बोलली. "एकोणीस वर्षं मारताय त्यांना. आली का ती परत?" वर म्हणाली, ती तुमची एकट्याची नव्हती. मी ताट ढकलून उठलो.

१५ मार्च, शुक्रवार

तिथेच थांबणार. बघतोच.

१९ मार्च, मंगळवार

अक्षर लागेल तसं लागो.

सकाळी दहाला चार नंबरच्या भिंतीवर घण पडला. विटा निघाल्या आणि आत फाटक जसंच्या तसं. गंजलेलं, मैदानाच्या बाजूला फुगलेलं. तारांत कापडाची चिंधी अडकली होती. मी समोर उभा. खालच्या बाजूला जाहिरातीचा जुना पत्रा होता, वेल्डरने तो कापून बाजूला केला. मग वाकून काहीतरी बघत बसला. ज्याचा ओठ मी फोडला तोच हा. साखळी कापून हातात घेऊन माझ्याकडे आला.

"काका, तुमचं दिसतंय. पिवळा पट्टा आहे."

माझ्या रोलरचं कुलूप. लागलेलं. चार नंबरच्या फाटकाच्या साखळीत.

वरच्या कडीला कुलूप नव्हतं. दादाने काढलं होतं. खरंच काढलं होतं.

शेडमध्ये जाऊन दार लावून घेतलं. या कुलपाची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या जुडग्यात आहे, कधी काढली नाही. तेल सोडलं, वाट पाहिली, किल्ली घातली. अर्ध्यापर्यंत फिरली आणि अडकली. पण फिरली.

सगळं आठवलं. त्या आठवड्यात गुरुवारी उपांत्य सामना झाला होता. लोक चार नंबरमधून आत घुसले आणि खेळपट्टीवर नाचले, तिच्यात काठ्या खुपसल्या. पुढच्या रविवारी क्रिकेटचा सामना होता माझा! स्टोअरमध्ये कुलूप मागितलं, शिल्लक नाही म्हणाले. रागाच्या भरात रोलरचं काढलं, साखळी फाटकाच्या खालच्या गजातून ओवली, लावून टाकलं. मैदानाच्या बाजूने. पुढे जाहिरातीचा पत्रा, म्हणजे ऑफिसला दिसायला नको. या रविवारी, फुटबॉलचा अंतिम सामना सुरू व्हायच्या आधी काढायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी फुटबॉलवाल्यांनी खेळपट्टीवर चुन्याची रेघ मारली. त्यांच्याशी तासभर भांडलो, एकाचं मुस्काट फोडलं. कुलूप डोक्यातून गेलं.

गेलं? की मीच घालवलं? रोलरचं कुलूप चोरीला गेलं असं यादीत लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. मला कळत नाही. देवाशपथ कळत नाही.

तिचा हात माझ्या हातात होता. किल्ली माझ्या कमरेला होती. फाटक वीस पावलांवर होतं.

चार वाजता घरी आलो. हिला सांगितलं, सगळं, उभ्या उभ्या. तिने माझ्या तोंडात मारली. मग आणखी एक. मग दोन्ही मुठींनी छातीवर मारत राहिली, दम लागेपर्यंत. मी हात खाली ठेवले. नंतर ती जमिनीवर बसली आणि एकच म्हणाली – आधी भावजींकडे जा.

गेलो नाही. पाय उचलला नाही. भित्रा!

२० मार्च, बुधवार

ऑफिसात गेलो. पान टेबलावर तयार होतं. दादाचं नाव खोडलं, माझं लिहिलं. "द्वाररक्षकाने" खोडून "मैदानाच्या माळ्याने" लिहिलं. खाली सही केली. कुलूप वर ठेवलं.

सेक्रेटरी वाचून पांढरे पडले. जुनी मढी उकरू नका, स्मरणिकेच्या प्रकाशनाला पाहुणे येणार आहेत, ऑफिसनेच भिंत बांधली होती हे सगळं बाहेर येईल. पान फाडायला हात घातला तसा मी त्यांचा पंजा धरून टेबलावर दाबला. बोटं चेचतील इतका दाबला. माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही का? मग सोडलं. तेवढ्यात बाईंनी पान उचलून पिशवीत घातलं. म्हणाल्या, हे माझ्याकडे राहील, आणि मी हेच छापणार. नाही छापू दिलं तर पोलिसांकडे नेणार. मी म्हटलं, चला, मीही येतो.

उद्या जाणार आहोत. त्याआधी दादाकडे.

२१ मार्च, गुरुवार

दादाने दार उघडलं. कपाळावर अजून पट्टी. कुलूप पुढे केलं. त्याने घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

म्हणाला, "पिवळा पट्टा मी जाळीतून तेव्हाच पाहिला होता. म्हणून तर तुला हाका मारत होतो."

मी विचारलं, मग चौकशीत बोलला का नाहीस?

"घरातलं एक माणूस त्या दिवशी गेलं होतं. दुसरं मला घालवायचं नव्हतं."

मग आत ये म्हणाला आणि चहा ठेवायला गेला. पातेलं डाव्या हाताने उचलतो.