बाबांनी मलाच विचारलं

३ मार्च, सोमवार

चार नंबरच्या खाटेवरचे घड्याळवाले काका दुपारी गेले. मुलगा पोचला तेव्हा मॉनिटर बंद केलेला. दारातच थबकला. मी नेहमीसारखं सांगितलं — "शेवटी तुमचीच चौकशी करत होते हो." चेहरा जरा सैल झाला त्याचा.

नंतर हात धुताना आमची चिमणी — आयसीयूतली नवी नर्स, तिसराच महिना — हळूच म्हणाली, "ताई, काकांच्या घशात तर नऊ दिवस नळी होती! बोलणार कसे?"

जीभ चावली. सवय, दुसरं काय!

४ मार्च

मुलाच्या लक्षात आलं असेल का?

६ मार्च

सुट्टी. सकाळपासून जुना आयसीयू डोळ्यांपुढे. सहाच खाटा, हिरवे पडदे, कुरकुरणारा पंखा. आणि मोठ्या बाई, आमच्या हेड नर्स. माणूस गेलं की नातेवाइकांना आत घेण्याआधी स्वतः त्याचे केस विंचरायच्या. "घाई नको गं मुलींनो. घरचे हाच चेहरा घेऊन जाणार." मग आम्हाला एकेक कप चहा. रडायचं असेल तर चादरींच्या खोलीत. "दहा मिनिटं! नाक पुसून या, पाच नंबरला ताप आहे." रडतारडता हसू फुटायचं.

बाबा तिथंच गेले. त्या दिवशी मी वरच्या मजल्यावर ड्युटीला. जिना उतरेपर्यंत संपलं होतं. बाईंनी दंडाला धरलं — "शेवटी 'ताई कुठंय' विचारलं गं." एकोणीस वर्षं त्या वाक्यावर काढली. धाकट्या भावाशी वाजलं की तेच तोंडावर फेकायचं — जवळ तू राहायचास, पण बाबांनी मलाच विचारलं! तो गप्प. आता दोन वर्षं फोनसुद्धा नाही.

हे लिहिता लिहिता हात थांबला. बाबांच्याही घशात नळी होती. तिची पट्टी रोज मीच बदलायचे!

७ मार्च

धाकट्याला सांगायला हवं. कोणत्या तोंडाने?

९ मार्च, रविवार

केला फोन. एका दमात सांगून टाकलं — बाबा काहीच बोलले नव्हते रे. बाईंनी माझं मन राखलं.

धाकटा म्हणाला, "माहितेय, ताई. तू कागदांवर सह्या करत होतीस ना, तेव्हा बाईंनी मलाही सांगितलं — शेवटी 'धाकटा आला का' विचारलं म्हणून. बाहेर आलो तर तू सगळ्यांना तुझं सांगत होतीस. मग मी माझं ठेवून दिलं."