तीनशेव्या रुग्णाचा शोध

सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली प्रत्यक्ष वाकलं की कंबर कुरकुरते, तेव्हा पत्रातच उरकलेला बरा.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून तुमच्याकडेच मुक्कामाला आहे? मी मजेत आहे, निदान कागदोपत्री तरी. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मला सांगायचं असतं ते राहून जातं. म्हणून पत्र. चहा करून घे आणि मग वाच.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी सव्वीस वर्षं जुन्या केसपेपरांची धूळ झटकतोय, हे तुला ठाऊकच आहे. यंदा आमच्या मॅडमनी (मधुमेहाच्या डॉक्टर, वयानं आपल्या भाचीएवढ्या, पण दरारा थेट आपल्या आजीचा) मला तिथून उपसून संशोधनाला जुंपलं. संशोधन म्हणजे काय, तर बाहेर बाकांवर बसलेल्या मधुमेहींना आपल्या रोगाची कितपत जाण आहे, ते बावीस प्रश्न विचारून बघायचं. फॉर्मवर नाव नाही, नुसता नंबर. असे तीनशे फॉर्म. ताई, माणसं काय काय सांगतात! एका बाईंनी नवऱ्याची साखर, पथ्य, झोप आणि तापट स्वभाव, सगळं घडाघडा सांगितलं. नवरा शेजारीच बसून हे सगळं नव्यानं कळल्यासारखं ऐकत होता. एका निवृत्त मास्तरांनी फॉर्मातल्या तीन चुका काढल्या आणि मलाच दहापैकी सहा मार्क दिले. ‘औषध रोज घेता का?’ म्हटलं की जो तो आधी बायकोकडे बघतो आणि मग हो म्हणतो. मी प्रत्येकाला शेवटी पायांच्या काळजीवर पाच मिनिटांचं व्याख्यान फुकट द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शेवटच्या शनिवारी घोडं अडलं. फॉर्म दोनशे नव्याण्णव झाले, मॅडमना एक वाजता तीनशे हवे होते, आणि साडेबाराला बाकांवर चिटपाखरू नव्हतं. खोटा रुग्ण रचणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण मला स्वतःला नऊ वर्षं मधुमेह आहेच की! (कर्मचाऱ्यांचे फॉर्म घ्यायचे नाहीत असा नियम आहे. तो मी त्या दिवशी वाचला नाही.) मग समोरच्या बाकावर जाऊन बसलो, स्वतःला रीतसर नमस्कार केला, प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

आता त्या फॉर्मात काय होतं ते सांगतो. त्याच्या आठवडाभर आधी मॅडमनी मला भिंतीवर एक तक्ता लावायला दिला होता, ‘रोज तळपाय तपासा’. बूट काढून स्टुलावर चढलो आणि तक्ता चारी कोपऱ्यांना टाचला. त्यातली एक टाचणी खाली माझ्याच बुटात पडली. संध्याकाळी घरी मोजा काढला, तर ती टाचेत रुतलेली. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत मी त्या टाचणीसकट हिंडलो, तीन जिने चढलो, बसमध्ये उभा राहिलो, आणि मला पत्ता नाही! आपण भलतेच काटक आहोत, असं वाटून मी त्या दिवशी चक्क खूश झालो. हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहिलं. जखम भरली का? नाही. डॉक्टरांना दाखवलं का? नाही. कारण? कामाचा व्याप.

सोमवारी मॅडम फॉर्म चाळत होत्या, त्या एकदम उभ्याच राहिल्या. हा तीनशे नंबरचा माणूस मला लगेच हवा, म्हणाल्या, मधुमेहानं पायाची जाणीवच गेलीय, पाय जाईल त्याचा! शिवाय त्याची परवानगी मिळाली तर ही केस लिहून काढू, चार डॉक्टरांच्या वाचनात यायला हवी. आणि त्याला शोधून आणायची कामगिरी कोणावर? फॉर्म ज्यानं भरून घेतला त्याच्यावर.

तर आज नऊ दिवस मी मला शोधतोय. पहिल्या दिवशी सांगितलं, पत्ता लागत नाही. मग म्हटलं, बाहेरगावी गेला असावा. मॅडमनी वर्णन विचारलं. मी म्हटलं, मध्यम उंची, थोडं टक्कल, दिसायला बरा. (हसू नकोस.) त्यांनी सूचना छापून घेतली, ‘टाचेत टाचणी गेलेल्या गृहस्थांनी त्वरित भेटावे’, आणि ती लावायला मलाच पाठवलं. या वेळी टाचण्या मोजून घेतल्या. हल्ली मॅडम मधूनमधून बाहेर येतात आणि बाकांवरच्या लोकांचे पाय बघत जातात. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मॅडमची बोलणी खायला मी भीत नाही. पण सव्वीस वर्षांत ‘पुरुष, वय चोपन्न, टाचेला किरकोळ जखम’ अशा सुरुवातीच्या पुष्कळ फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्या फायलींची शेवटची पानंही मी वाचली आहेत. मला भीती वाटते, ताई.

असो. थोरांना नमस्कार सांग, धाकट्यांना माझ्या वतीनं एकेक टपली दे.

तुझा,
धाकटा

ता. क. जखम आता शर्टाच्या बटणाएवढी झाली आहे. दुखत मात्र अजिबात नाही, हीच तर पंचाईत.

ता. क. दुसरा : मंगळवारी सकाळी दहाला तू येशील का? काही आणू नकोस, नुसती बाकावर शेजारी बस. मी दोनदा एकटा मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा ‘चहा सांगू का?’ एवढंच विचारून परत आलो. दाजींना गुडघे दाखवायला जातेय म्हणून सांग.

ता. क. तिसरा : बाविसावा प्रश्न होता, ‘त्रास सुरू झाल्यावर घरच्यांपैकी पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?’ मी लिहिलं होतं, ‘मोठ्या बहिणीला.’ मॅडमनी त्यावर लाल गोल केला आणि म्हणाल्या, चला, याचं ऐकून घेणारं कोणीतरी आहे. बाकीची एकवीस उत्तरं खरी होती गं.