घासून काढलेला गाळ

१९ जाने., रवि.
मावशीने तिसऱ्या (शिंपल्या) आणल्या. घासायला मी. "शिंपल्याक चिखल ऱ्हवाक नको, मेल्या. दाताखाली रेव इली तर बघ!" तिचा जुना ब्रश भारी आहे, फटीत बरोब्बर घुसतो. मुलुंडच्या या घरात माझं एवढंच कौतुक होतं, तिसऱ्या चकाचक करतो म्हणून.
ब्रश उद्या पवईला नेणार. लॅबमधले ब्रश टक्कल पडलेले.

२० जाने., सोम.
मदतनिसाची नोकरी, दुसरा आठवडा. वर्षातली चौथी. टिकव रे बाबा.
सायलीताई (पीएचडी करते, मला काम तीच देते) म्हणाली, "हे चार धुऊन ठेव," आणि मीटिंगला पळाली. प्रवाळाचे दगड. लाखभर वर्षांपूर्वी समुद्रात जिवंत होते म्हणे, थरावर थर चढवत वाढायचे. थरांच्या फटींत राखाडी चिखल गच्च. तीन घासले, पांढरेशुभ्र. चौथा घेणार तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, तलावात मगर! गेलो. तासभर बघितलं. मगर नाही, ओंडका. परत आलो तर निघायची वेळ. चौथा पिशवीत घालून खालच्या खणात सारला.

२२ जाने., बुध.
वाट लागली.
ताई जाम खूश. मला बोलावून दाखवलं, "बघ, या रेषेशी वाढ थांबलीय. तिन्हीत. मला वाटायचं नदीचा गाळ आला असेल. पाणी गढूळ झालं की ऊन खाली पोचत नाही, प्रवाळ गुदमरतं. पण इथे गाळाचा कणही नाही! म्हणजे पाणी गार पडलं असणार."
दोन वर्षं अडकली होती. आता सुटलं म्हणते. शुक्रवारी तिच्या मार्गदर्शक सरांपुढे मांडणार.
गाळ होता. त्याच रेषेत होता. मी बेसिनमध्ये सोडला.
"चौथा कुठेय रे?"
"शोधतो."
का म्हणालो असं? समोर तर होता खण.

त्याच दिवशी, जेवल्यावर.
मावशी : "तोंड कित्याक पाडलंस? ह्या पण काम सोडलंस?"
सोडलं तर सुटेन. उद्या जायचंच नाही. फोन बंद. तीन वेळा केलंय आधी.
पण मग ती शुक्रवारी गार पाणी गार पाणी करत उभी राहणार. माझ्या घासण्यावर.

२३ जाने., गुरु.
गेलो. आधी चहा, मग जिन्यातल्या मांजराला बिस्किट, मग अजून एक चहा. मग चौथा दगड तिच्या टेबलावर ठेवला. फटीत चिखल जसाच्या तसा.
"हा असा कसा?"
"धुवायचा राहिला."
हसली. मग हसू गेलं. "आणि बाकीचे?"
"घासले. ब्रशने."
"अरे, वरची धूळ म्हटलं होतं मी, नुसत्या पाण्याखाली…"
चौथा हातात धरून बसली. एकाच दगडावरून काय सांगणार, असं काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, उद्या येऊ की नको?
तिने दगड खाली ठेवला. मग, "ब्रश आण. ज्याने घासलंस तो. धुवू नकोस."

बॅग आज घरीच राहिली होती. ब्रश सोमवारपासून तसाच तिच्यात, बरं झालं. घरी येऊन उजेडात धरला. केसांच्या मुळाशी राखाडी काहीतरी अडकलंय. सुकलंय.
प्रवाळाचं की तिसऱ्यांचं, मला कसं कळणार. कागदात गुंडाळून ठेवलाय. मावशी सकाळपासून शोधतेय.