‘येते’ म्हणालेली आजी

रवि. ५ ऑक्टो., फेल्डहोवन, नेदरलँड्स
रेवाला घेऊन पुन्हा लुसियाच्या वर्गाला. लुसिया खालच्या मजल्यावरची, ब्राझीलची, स्पिरिटिस्ट. माणूस गेलं तरी आत्मा असतो, आपली प्रार्थना त्याच्यापर्यंत पोचते, असं दर रविवारी गावातल्या एका हॉलमध्ये सहा पोरांना शिकवते. निखिलला वाटलं होतं, प्लँचेट वगैरे असणार. नवरे कल्पना भारी लढवतात. प्रत्यक्षात प्रार्थना, ज्यूस, बिस्किटं. आजचा धडा: प्रार्थना दुसऱ्यासाठी करायची. स्वतःसाठी काही मागायचं नाही.

मी मागे बसून ज्यूस वाटते. खरं कारण लिहायला काय हरकत आहे, वही माझीच आहे. आईला जाऊन आठ महिने झाले, आणि तिच्याबद्दल ‘आहे’ म्हणणारं माणूस मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही.

बुध. ८ ऑक्टो.
शाळा अर्धा दिवस. रेवाचा सराव सोफ्यावर. टीचरच्या गुडघ्यासाठी, शेजारच्या मांजरासाठी. मग माझी उलटतपासणी. तू कुणासाठी करतेस? म्हटलं, आजीसाठी. काय म्हणतेस? एकदा तरी माझ्या स्वप्नात ये, म्हणते.

“पण मम्मा, दॅट्स फॉर यू.”

सात वर्षांची आहे. राग आला. तडक कांदे चिरायला घेतले. आठ महिने रोज तेच मागतेय, आणि एकदाही...

रवि. १२ ऑक्टो.
लुसियाचा घसा बसला आणि वर्ग माझ्या गळ्यात पडला. गेलेल्या माणसांसाठी काय मागायचं, ते शिकवायचं होतं. आमची काळजी करू नका, सुखानं पुढे जा, असं म्हणायचं. छान बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पोरांनी एकेक नाव घेतलं. रेवानं आजीचं घेतलं नाही. का, तर आजी येणार आहे. गेल्या वर्षी इथून परत जाताना स्किपोल विमानतळावर तिनं स्वतः सांगितलं.

“शी सेड, येते.”

म्हणाली होती खरी. ‘येते हं, रेवा.’ आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, हे पोरीला कुणी सांगितलंच नाही. फेब्रुवारीत ‘आजी देवाकडे गेली’ एवढंच सांगून मी पुण्याला धावले, तेही सगळं उरकल्यावर पोचले. गेलेलं माणूस परत येतंच की, तिच्या हिशेबानं.

एका वाक्यात सांगता आलं असतं. म्हटलं, चला, बिस्किटं.

गुरु. १६ ऑक्टो.
लुसिया म्हणते, मुलीला सांग, नाहीतर ती वाट बघत बसेल. निखिल म्हणाला, मी सांगतो. नको म्हटलं. माझ्या आईचा शब्द आहे, मीच सांगेन. चार दिवस टाळतेय. रेवाला सांगितलं की या घरात आईची वाट बघणारी मी एकटीच उरणार.

रवि. १९ ऑक्टो.
वर्गाला जाताना सांगितलं. ‘येते’ म्हणजे निघते. आजी वारली, ती परत येणार नाही. रेवानं सायकल थांबवली, एक पाय खाली टेकवला. रडली नाही. आजीला परत यायचं होतं का, एवढंच विचारलं. म्हटलं, खूप.

वर्गात तिनं डोळे मिटले. मोडक्या मराठीत बोलली, कारण आजीला डच येत नाही.

“आजी, तू जा. मम्माला मी बघते.”

मग माझी पाळी. ‘आई, तू’ इथवर आले. ‘जा’ काही तोंडातून निघेना. निघालेल्या माणसाला जा म्हणू नये, ये म्हणावं, हे वळण आईनंच लावलेलं. पोरं डोळे मिटून थांबलेली.

म्हटलं, “बरं. ये.”

निरोप दिला की बोलावलं, माझं मलाच कळलेलं नाही.