ज्या मागाला कुणी शिवत नव्हतं

वडगाव, ता. ९ फेब्रुवारी १९३२

प्रिय यमनाप्पा,

'प्रिय' लिहिलं, कारण शाळेत गुरुजींनी पत्राची सुरुवात तशीच करायला शिकवली. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. हिंडलग्याच्या तुरुंगातनं आलेलं तुझं पत्र पोहोचलं. टपालवाल्यानं गल्लीच्या मधोमध उभं राहून, शिक्का मोठ्यानं वाचत ते माझ्या हातात दिलं. ज्यांना विसर पडला होता त्यांनाही आठवलं की सुबराव पंचाचा धाकटा भाऊ रेशीमचोर आहे. झालं समाधान? आजकाल लोक सत्याग्रह करून आत जातात, बाहेर आले की गळ्यात हार पडतात. तू गेलास शेठच्या रेशमापायी. तुरुंगात जायचं तर तेही धड जमलं नाही तुला.

आणि पत्र तरी काय! सात महिन्यांनी माणूस घरी लिहितो, तर काय लिहितो? सतरंज्या विणायचं काम बरं आहे. जेवण पुरतं. बराकीत नागोजी नावाचा दरोडेखोर आहे, त्याला रोज येशूच्या गोष्टी सांगतो, बाराखडी शिकवतो, आता तोही माझ्याबरोबर डोळे मिटून बसतो. देवाचं गौरव होवो. अण्णा, तुझ्या सुताची पाजणी वेळेवर होते ना? वहिनीचा गुडघा कसा आहे? अरे, लाज कशी वाटत नाही तुला! एक ओळ रागाची नाही. एक शिवी नाही. मी कागद उलटा करून बघितला, उजेडाला धरून बघितला. खाली कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात दोन ओळी मिळाल्या. त्या तुला ठाऊक नसतील. नागोजीनं लिहिलंय, 'तुमचा भाऊ लई खोकतोय. फडक्याला रगत लागतंय. सांगू नगं म्हणतोय. आन वर आर्धी भाकरी मला देतोय.' दरोडेखोराला भाकरी चारून स्वर्गात जाणार आहेस काय, मूर्खा?

तू पहिल्यापासून असाच. निपाणीच्या बाजाराला चार लुगडी विकायला गेलास, आणि पैशाला एक मिळणारं शुभवर्तमानाचं चोपडं घेऊन आलास. आपल्यात देव कमी पडले होते का रं? घरात बनशंकरी आहे, डोंगरावर यल्लम्मा आहे. त्यातलं कुणी पसंत पडलं नाही, तुला खिळे ठोकलेला देव पाहिजे. दुपारी मागावर बसल्या बसल्या मोठ्यानं वाचायचास, ऐकणाऱ्याला ऐकवायचास, न ऐकणाऱ्यालाही ऐकवायचास. एकदा गल्लीतल्या यल्लाप्पानं चिडून सुताला लावायच्या कांजीचं भांडं तुझ्या डोक्यावर उपडं केलं. मी दारात उभा होतो. म्हटलं, आता तरी उठेल आणि दोन ठेवून देईल. तू तोंड पुसलंस आणि म्हणालास, 'यल्लाप्पा, कांजी अशी वाया घालवू नगं रं, आज भरमाची पाजणी हाय.' अख्खी गल्ली हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून पंच या नात्यानं मीच हुकूम काढला. यमनाप्पाच्या पाजणीला कुणी जायचं नाही, त्याच्या मागाला कुणी शिवायचं नाही. पाजणी दोघांच्यानं होत नाही हे मला कळत नव्हतं का? उभ्या सुताचा ताणा गल्लीभर पसरायचा, सात-आठ जणांनी दोन्ही बाजूंनी कांजी लावत, कुंचे मारत जायचं, ऊन चढायच्या आत उरकायचं. तू आणि तुझी बायको मालू, दोघंच. या टोकाला कुंचा फिरवेपर्यंत त्या टोकाची कांजी कडक व्हायची आणि सूत तटातट तुटायचं. मी ओट्यावर बसून पान खात बघत होतो. मनात म्हटलं, येईल संध्याकाळी भांडायला. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी कुंचा घेऊन भरमाच्या पाजणीला हजर! त्यांनी हाकललं, तर लांब उभा राहून ताण्यात घुसणारी शेरडं हुसकत राहिलास. याला तू नम्रता म्हणायचास. आमच्यात याला पाठीला कणा नसणं म्हणतात.

त्यानंतर आषाढात ते झालं. गल्लीला विणायला रेशीम देणाऱ्या खडेबाजारातल्या शांतिनाथ शेठचं एक लुगडं गिऱ्हाइकानं धुतलं आणि ते हलकं भरलं. काठाचं रेशीम कमी आहे, गल्लीतलाच कुणीतरी रेशीम मारतोय, हे शेठच्या ध्यानात आलं. हवालदार आला. त्यानं घरोघरचे हंडे उपडे केले, माळे झाडले. आपल्या खोलीत दोन माग, एक माझा, एक तुझा. माझ्या मागाखालचा पाय सोडायचा खड्डा बघितला, काही नाही. तुझ्या मागाकडे गल्लीतलं चिटपाखरू फिरकत नव्हतं, पण आपल्या गल्लीचा हुकूम हवालदाराला कुणी सांगितला होता? त्यानं तुझ्या खड्ड्यात हात घातला आणि फडक्यात बांधलेल्या रेशमाच्या लडी वर काढल्या. तू ते फडकं बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस, एकदाच. आणि मी ओरडलो, 'बघा, बघा देवाचा माणूस!' सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो.

कोर्टात साहेबानं विचारलं, रेशीम तू घेतलंस का? तू म्हणालास, 'माझ्या मागाखाली सापडलं ह्ये खरं हाय, साहेब. म्होरलं मी बोलणार न्हाय.' वा रे वा! खोटं बोलायचं नाही, आणि खरंही तोंडातनं काढायचं नाही. वर्षाची सक्तमजुरी घेऊन खाली मान घालून गेलास. इकडे माझा मान वाढला. सख्ख्या भावालाही पाठीशी घातलं नाही, असा पंच मिळायचा नाही, म्हणून लोक रामराम घालायला लागले. फक्त ताराबाई, तुझी वहिनी, त्या दिवसापासून ताट वाढते आणि एवढंच म्हणते, 'जेवा. निवांत जेवा.' ते फडकं तिच्याच जुन्या लुगड्याचं होतं. बायको असून अशी बोलते की मी ताट अर्धं टाकून उठतो. तुझ्यापेक्षा तिची मला जास्त भीती वाटते.

आज सकाळी मालू आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, 'भावजी, उद्या ताणा पसरणार हाय. कुणी येऊ नगा, पर शिव्या तेवढ्या दिऊ नगा.' तिच्या हातांना चिरा पडल्यात. एकटी करणार म्हणे. तुझ्याच तालमीतली, दुसरं काय!

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तुझ्या पत्राच्या खाली जेलरसाहेबांची सही होती. म्हणजे तिथं जाणारं-येणारं पत्र आधी साहेब वाचतात, मग कैद्याला देतात. तुला एकट्याला सांगितलं असतं तर तू कागद फाडून गिळला असतास आणि वर देवाचे आभार मानले असतेस. म्हणून तुझ्याआधी साहेबांना सांगतोय. साहेब, शेठचं रेशीम मी चोरलं, मी सुबराव, या कैद्याचा थोरला भाऊ. दर लुगड्यामागं थोडं थोडं काढून ठेवलं, आणि वजन भरून निघावं म्हणून ताण्याला कांजी दाट पाजली. गरज नव्हती, हाव होती. लडी त्याच्या मागाखाली लपवल्या, कारण त्या मागाला कुणी शिवायचं नाही असा हुकूम मीच काढला होता आणि गल्लीत त्याच्याइतकी निर्धोक जागा दुसरी नव्हती. त्याला सोडा, त्याच्या छातीला औषध द्या. यमनाप्पा, चौकीच्या पायरीवरनं मी दोनदा परत आलोय. हे पत्र पेटीत पडलं की परत फिरता येणार नाही. उद्या पहाटे मालूच्या पाजणीला कुंचा घेऊन मी उतरणार आहे, गल्ली येवो न येवो. ताणा पुरा झाला की तसाच, हाताची कांजीही न धुता, चौकीवर जाईन. तू लगेच देवाचं गौरव वगैरे सुरू करू नकोस, त्याचा यात काही संबंध नाही, आणि डोळे मिटून बसायची मला सवय नाही. तुझी जागा रिकामी झाली की बहुतेक तीच मला मिळेल. त्या नागोजीला आधीच सांगून ठेव, अर्धी भाकरी मी देणारा माणूस नव्हे. आणि माझ्याकडं मागेल का रं तो?

तुझाच,
अण्णा