हनुवटीवरचे तीन ठिपके

४ नोव्हेंबर २००७, रविवार
निश्चय केला. सासूबाईंचा फोटो मीच साफ करणार. त्या हसताहेत असा हा एकच फोटो, आणि त्यावर बुरशीचे हिरवट डाग. दोन डिसेंबरला वर्षश्राद्ध. सुनंदा स्टुडिओत द्यायला निघाली होती. मी अडवलं. घरात कॉम्प्युटर आहे, फोटोशॉप आहे, मी आहे. ती म्हणाली, बरं, तुमच्यावर सोडते, पण माझ्या आईचा फोटो आहे, लक्षात ठेवा. ठेवलं.

६ नोव्हेंबर
स्कॅन झकास. एक डाग काढला. सोबत अर्धा कान गेला. माझा हात उत्तम आहे, दोष माऊसचा. उलथन्याने रांगोळी काढा म्हटल्यासारखं आहे हे.

७ नोव्हेंबर
फतेगंजच्या दुकानात ग्राफिक्स टॅबलेट पाहिला. काळी पाटी, तिच्यावर पेन फिरवायचं, रेघ स्क्रीनवर उमटते. दुकानदार गुजरातीत म्हणतो, माऊसथी पण थाय साहेब, हाथ बेसवो जोइए. माऊसनेही जमतं म्हणे, हात बसला पाहिजे. याला धंदा कळत नाही.
घ्यावा की नाही? विचार चालू. घाईत निर्णय घेणारा माणूस मी नव्हे.

९ नोव्हेंबर, दिवाळी
सासरे, भास्करराव, फराळाला आले. टॅबलेट घेणार म्हटल्यावर काळजीने विचारलं, बीपी का? समजावून सांगितलं. म्हणाले, गोळी असती तर गुण लवकर आला असता. सुनंदा हसली. मी नाही.
मग फोटो हातात घेऊन बसले. कुठे काढला, तेव्हा सासूबाई का हसल्या, सगळं सांगायला लागले. मला टॅबलेटचा विचार करायचा होता. आत गेलो.

१२ नोव्हेंबर
घ्यायचाच! ठरलं! रावपुऱ्यातून रिक्षा करून गेलो तर शटर खाली. दिवाळीनंतर लाभपाचमीच्या मुहूर्तापर्यंत दुकानं बंद. मी इतक्या दिवसांनी निर्णय घ्यावा आणि अख्ख्या बडोद्याने कुलूप लावावं! डोकं फिरलं. सुनंदा म्हणते, तोवर माऊसने करा ना. कलाकाराची अडचण हिला कशी कळणार?

१७ नोव्हेंबर
टॅबलेट आला. भिकार वस्तू. पेन डावीकडे नेलं की बाण उजवीकडे पळतो. वर नेलं की खाली. सासूबाईंच्या गालावर नवीन रेघ. केबल सदोष असणार. दुकानदाराला फोनवर झापलं.

१८ नोव्हेंबर
पाटी उलटी ठेवली होती. कंपनीने हे ठळक छापायला हवं.

२५ नोव्हेंबर
मान धरली. सुनंदा रोज विचारते, झालं का? अशा दडपणाखाली कोणाच्याच हातून काम होणार नाही. तिला खोलीत यायला बंदी.

२८ नोव्हेंबर
जिंकलो! सगळे डाग साफ. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके फार चिवट होते. अगदी ओळीत. बुरशीसुद्धा काय शिस्तीत वाढते! पेनने एकेक टिपला. माऊसने हे जमणं शक्यच नव्हतं. दुकानदाराला दाखवायला हवं.
सुनंदाला आत्ता दाखवणार नाही. थेट फ्रेममध्ये, श्राद्धाच्या दिवशी.

२ डिसेंबर
फ्रेम चौरंगावर ठेवली, हार घातला. भास्कररावांनी वाकून नमस्कार केला. मग सुनंदाला हळूच विचारलं, या बाई कोण?
सुनंदा जवळ गेली. म्हणाली, आईचं गोंदण कुठंय?
इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. समोर बसून ‘जमो, जमो’ करत गुजराती आग्रहाने वाढायच्या. मी ताटाकडे बघत असायचो. फार लाज वाटली.
सुनंदाने माझी फ्रेम उतरवली आणि कपाटातून जुना फोटो आणून ठेवला, डागांसकट. भास्करराव त्याच्याकडे बघून हसले. फोटोत सासूबाई हसतात तसेच.
 संध्याकाळी टॅबलेट खोक्यात ठेवला. या वेळी सुलटा.