माझ्या कमरेएवढा चेंडू

१९ जाने., रवि.
धुकं. आठ वाजले तरी पिचरने टाकलेला चेंडू अंगावर आल्यावरच दिसत होता, म्हणून माझ्याकडे बेसबॉल शिकणाऱ्या सातही मुलींचा सराव स्टँडवर. उभा प्लास्टिकचा पाइप, टोकाला कूलरच्या नळीचा तुकडा, त्यावर चेंडू. घरी केलेलं यंत्र, पण काम चोख. दिल्लीत मयूर विहारहून इथे फरीदाबादला यायला दोन मेट्रो, एक ई-रिक्षा, शिवाय रविवारची झोप. तरी मैदानात पाय ठेवला की आठवडाभराचं ऑफिस विसरते. इथल्या शाळेने शनिवार-रविवारी मैदान वापरू दिलं, देव त्यांचं भलं करो.

कोमलने आज चेंडू मारला आणि बॅट घेऊनच पळाली. क्रिकेटची सवय, इथे बॅट टाकून पळायचं असतं. "बॅट छोड़!" म्हणून ओरडले, तर थांबली, बॅट नीट जमिनीवर ठेवली, मग पळाली. हसून हसून पुरेवाट.

२ फेब्रु., रवि.
माझ्या वहीत बेसबॉलच्या फलंदाजीच्या चार पायऱ्या. स्टँडवरचा चेंडू, मग बाजूने हलकेच टाकलेला, मग समोरून, मग खरा पिचर. दहापैकी आठ सरळ गेल्याशिवाय पुढची पायरी नाही. जळगावला सॉफ्टबॉल खेळायचे तेव्हा आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, म्हणून मी जरा जास्तच कडक.

कोमलचे स्टँडवर दहापैकी नऊ! २३ला राज्य संघाची निवड चाचणी. घरच्यांनी तिला खेळायला यंदाचंच वर्ष दिलंय. संघात नाव आलं तर पुढे, नाहीतर मार्चपासून मावशीबरोबर शिवणकामाच्या युनिटमध्ये. बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं तिने. 

९ फेब्रु., रवि.
मधल्या दोन पायऱ्या कोमलने झटपट पार केल्या, आज पहिल्यांदा खऱ्या पिचरसमोर. बारा चेंडू. आठ हुकले, चार आकाशात, सोपे झेल. स्टँडवर इतकं सुंदर मारणारी पोरगी! काय बिनसलं कळेना. परत पहिल्या पायरीवर पाठवली, शंभर फटके. "जी दीदी," एवढंच.

घरी सुधीर म्हणाला, "अगं, पोरगी चुकतेय की तुझी वही?" राग आला. नवऱ्यापुढून वही उचलून कपाटात ठेवली.

१५ फेब्रु., शनि.
ऑफिसला सुट्टी. न कळवता सकाळीच फरीदाबादला गेले. मैदानात कोमल एकटीच. स्टँडखाली दोन विटा. चेंडू तिच्या कमरेशी, आणि फटका सरळ कुंपणापर्यंत. मला बघून घाईघाईने विटा काढायला लागली.

"कब से रखती है?"
"शुरू से, दीदी. हर बार, आपके आने से पहले."
"बोली क्यों नहीं?"
"आपने नाप के बनाया था."

मापूनच केला होता. माझ्या कमरेशी! मी पाच फूट, ती पाच फूट सात. म्हणजे इतके दिवस मी तिला वाकायला शिकवत होते, आणि खऱ्या पिचरसमोर ती तशीच वाकून चेंडूच्या खालून बॅट फिरवत होती. एवढी वही, एवढ्या पायऱ्या, आणि पोरीची उंची कुठे लिहिलीच नाही.

सॉरी म्हटलं तर तीच लाजली. त्या दोन विटांचे उपकार कसे फेडू? आठ दिवस उरलेत.

१६ फेब्रु., रवि.
सुधीरने रात्रीतून पाइपात पाइप बसवून, भोकं पाडून, स्टँड वरखाली होईल असा करून दिला. वहीबद्दलचं त्याचं बोलणं त्याने काढलं नाही, यासाठी त्याला वेगळे मार्क. प्रत्येकीच्या गुडघ्याची, कमरेची, छातीची जमिनीपासून उंची मोजली, पाइपवर नेलपॉलिशच्या खुणा केल्या, सात मुली सात रंग. कोमल पाठ ताठ ठेवून खेळली. अजून मधेच वाकते. सवय माझीच, जायला वेळ लागेल.

२३ फेब्रु., रवि.
चाचणी. कोमलला तीन संधी. पहिलीत तीन चेंडू, तिन्ही हुकले. दुसरीत वाकली, झेलबाद. मी डोळे मिटून घेतले. तिसरीत चेंडू छातीशी आला. पाठ ताठ, फटका दोन मुलींच्या मधून, आणि ती धावत थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचली, अर्धी फेरी! मी किंचाळले म्हणे, शेजारच्या बाईंनी सांगितलं.

यादी शुक्रवारी. तिघींमागे एकीचीच निवड. काय होईल सांगता येत नाही.

गेटपाशी तिचे वडील. कारखान्यातून पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आलेले.
"मॅडम, नाम नहीं आया तो?"
"तो गलती मेरी है, इसकी नहीं. एक साल और दे दीजिए, भाईसाब."

त्यांनी बॅटची पिशवी तिच्याकडून घेऊन स्वतःच्या खांद्याला लावली. थोडं पुढे गेल्यावर त्यांचा आवाज आला, "वो तीसरी वाली कैसे मारी?"

कोमल रस्त्यातच थांबून त्यांना दाखवायला लागली.